पलीकडचे दोन बोल्ट

भाऊजी, आज दुपारी पुन्हा वारा सुटला आणि गच्चीतला पत्रा वाजला.

एकदाच वाजून थांबला असता तर मी कानाडोळा केला असता. पण तो वाजत राहिला. आधी कुणी दार लोटून बघावं तसा हलकेच, मग एकदम धाडकन. मी स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत बसले होते. ताट बाजूला ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून तशीच बसून राहिले. तुम्ही असतात तर गच्चीच्या जिन्यावरून ओरडला असतात, "वहिनी, पत्रा आहे तो, वाघ नाही!" तुमच्या वाटचं हे वाक्य मीच मनात म्हणून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

तुमचे दिवस होऊन गेले. पाहुणे आपापल्या घरी गेले. मृणालही पुण्याला परत गेली. लेक माझी, पण काका म्हणजे तिचा जीव. जाताना तुमचा चष्मा मागून घेऊन गेली. दारात चपला घालताना म्हणाली, "आई, त्या कोंबड्या देऊन टाक कुणाला तरी. आणि एकटीला भीती नाही ना वाटणार?" मी म्हटलं, "छे!" तिनेही विश्वास ठेवल्यासारखं केलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी गॅसला भ्यायले, पालीला भ्यायले, पोस्टमनने दोनदा बेल वाजवली तरी भ्यायले, आणि आता एकटीने राहताना भिणार नाही, हे कोण खरं मानणार?

पण तिला वाटते ती ही भीती नव्हे. रिकाम्या घराला मी सरावेन. हे गेले तेव्हाही सरावले होते, तुम्ही होतात म्हणून. मला धास्ती आहे ती त्या पत्र्याची. कोंबड्यांच्या पिंजऱ्यावर तुम्ही घातलेला तो पत्रा अलीकडून घट्ट आहे आणि पलीकडून, कठड्याच्या बाजूने, सुटा आहे. तिथले दोन बोल्ट आवळायचे राहिले आणि तुम्ही गेलात. चौपाटीवरून येणारा वारा पहिला त्याच बाजूला लागतो. आणि त्या कठड्याच्या बरोबर खाली, तळमजल्याच्या दारात, सुलभाताई जेवण झालं की खुर्ची टाकून बसतात. तीन मजल्यांवरून पत्रा खाली आला तर काय होईल, हे मी रोज दुपारी डोळ्यांसमोर बघते. बोल्टांचं अख्ख्या वाडीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. सांगायला जावं तर पिंजराच काढून टाका म्हणतील, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही.

भांडण आधी तुम्हीच उकरून काढलंत, हे मी आजही म्हणेन. माणूस गेला म्हणजे तो बरोबर ठरतो असं काही नाही.

त्या पिंजऱ्याची सुरुवातच मला पटली नव्हती. आईंचा तो खांबांचा लोखंडी पलंग, चारी कोपऱ्यांना उंच दांड्या, वर मच्छरदाणीची चौकट. त्या त्याच्यावरच गेल्या. नंतर त्याच्यावर कुणी झोपेना आणि भंगारवाल्याला देऊ या म्हणायला कुणाची जीभ वळेना. वर्षानुवर्षं तो खोली अडवून उभा होता. मग हे गेले. त्यानंतर मी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढ्यातच फिरायला लागले, जिनासुद्धा उतरेनाशी झाले. एक दिवस तुम्ही खोक्यात चार पिल्लं घेऊन आलात आणि म्हणालात, "वहिनी, यांना दाणे घालायचं तुम्ही बघा. मला काही ते जमायचं नाही." जन्मभर कचेरीत बसलेल्या माणसाने घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक कडी स्वतः दुरुस्त केली, आणि त्याला चिमूटभर कण्या टाकायला जमणार नव्हतं! तेव्हा मला तुमचा रागच आला होता. पण पिल्लं गच्चीत, म्हणून मी दिवसातून चार वेळा गच्चीत. ऊन लागलं अंगाला. भूक लागायला लागली. यावर तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, म्हणून मीही काढला नाही. आज काढते. तुम्ही मला त्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलंत.

आठवड्याभरात घारीने एक पिल्लू माझ्या डोळ्यांदेखत उचललं. मी किंचाळले ती थेट खाली वाडीत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईंचा पलंग सुटा करून एकेक तुकडा वर नेलात.

"आईंच्या पलंगात कोंबड्या?" मी म्हटलं.

"आईला अंडी आवडायची," तुम्ही म्हणालात.

"पण जीव बांधून ठेवलेला आवडायचा नाही."

"मग घारीला विचारू या का, ती सोडून देते का ते?"

तुमच्याशी बोलण्यात कधी कोण जिंकलं आहे! पलंगाचे पाय तुम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यांत उभे करून त्यांत काँक्रीट ओतलंत. चारी बाजूंनी बारीक जाळी ताणलीत. एका बाजूला वाकून आत शिरण्यापुरतं दार केलंत. जागा तेवढी चुकली. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसरीकडे सगळ्यांच्या दोऱ्या, म्हणून उरली ती कठड्यालगतची पट्टी. मी म्हणत राहिले की कठड्याला इतकं चिकटून नको. तुम्ही चौकट टाकीच्या कडीला तारेने बांधलीत आणि म्हणालात, "आता टाकी उडाली तरच पिंजरा उडेल." त्यानंतर मला टाकीचीही भीती वाटायला लागली.

पहिल्या पावसाळ्यातली फजिती तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, पण सगळं खापर माझ्या माथी मारून. खरं सांगा, आपण दोघांनी मिळून केली होती ना ती? निळी ताडपत्री आणली, वरून टाकली, चारी बाजूंनी खाली सोडली. आणि मग मी एका अंगाने आणि तुम्ही दुसऱ्या अंगाने, न बोलता, ती खालच्या पट्टीत नीट खोचत गेलो. कोपरेसुद्धा दुमडले. हातांना सवयच ती. त्या पलंगाला आपण दुसरं काही केलंच नव्हतं कधी. सकाळी जाऊन बघतो तर आत नुसती वाफ. ताडपत्रीला आतून घाम फुटल्यासारखं पाणी, कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकताहेत, एक तर मान टाकून पडलेली. वर चौकटीच्या मधोमध पाण्याचं हे मोठं पोट लोंबत होतं. मी रडायला लागले आणि तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, "वहिनी, आपण कोंबड्यांना मच्छरदाणी लावली हो."

रडता रडता हसू आलं त्याचा मला अजून राग आहे. ती कोंबडी मेली होती, भाऊजी.

मग तुम्ही शिकलात. मधोमध आडवा बांबू घालून उतार काढलात. ताडपत्री तीनच बाजूंनी, आणि तीही खालून वीतभर मोकळी, म्हणजे पावसाचा मारा आत यायचा नाही आणि हवा खेळती राहील. ताडपत्री दाबून धरायला वरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. दरवर्षी मे महिन्यात ते काम आपण करायचो. तुम्ही स्टुलावर उभे राहून वरून पान्याने बोल्टचं डोकं धरायचात, मी आत वाकून खालून नट फिरवायची. मधूनच तुम्ही विचारायचात, "आहात ना?" मी म्हणायची, "असायला कुठे जाणार?" आत जाळीत मला भीती वाटायची नाही. कठडा दिसायचा नाही, कोंबड्या पायांत यायच्या, आणि वर तुम्ही उभे असायचात.

हे छान चाललं होतं. पण शेजारची इमारत पाडली आणि तुम्ही तिथून पत्रे उचलून आणलेत. म्हणे ताडपत्री दर वर्षी फाटते, कोंबड्यांना सर्दी होते, पत्रा म्हणजे कायमचं काम. मी म्हटलं, फाटू दे. ताडपत्री उडून कुणाच्या अंगावर पडली तर फार तर तो शिव्या घालेल. पत्रा पडला तर मान राहायची नाही. तुम्ही हसलात. "तुम्ही भीत भीतच जगा," म्हणालात. नेहमीचंच वाक्य, पण त्या दिवशी लागलं. मी म्हटलं, "भीते म्हणून घर जागेवर आहे." आणि आपला अबोला सुरू झाला.

अबोला तरी कसला, कोंबड्यांना मधे घातलं एवढंच. तुम्ही गच्चीतून पिंजऱ्याकडे तोंड करून म्हणायचात, "काय गं घाबरट, आज चहा मिळणार आहे का आपल्याला?" घाबरट म्हणजे ती तांबडी, सावली हलली तरी डब्यामागे लपते ती. मी जिन्यातून सांगायची, "झाकून ठेवलाय म्हणावं." तिला बिचारीला आपल्यातलं काय कळत होतं कोण जाणे. दिवसभर वर तुमची ठोकाठोक चालायची आणि मी खाली दात-ओठ खात बसायची. एका संध्याकाळी ठोकाठोक थांबली. तुम्ही खाली आलात, हात धुतलेत आणि मुकाट्याने जेवलात. मी ताट वाढताना विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. दाणे घालायला वर गेले तेव्हा पलीकडच्या बाजूची पत्र्याची कड जराशी उचललेली दिसली. मला वाटलं, उद्या करतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गच्चीच्या जिन्यावर बसलेले दिसलात, छातीला हात लावून. तुम्ही म्हणालात, "वहिनी." घाबरटला नाही, मला.

टॅक्सीतलं मी कुणाला सांगितलेलं नाही. मृणालला सांगितलं की काका शांत होते. तुम्ही शांत नव्हतात. तुमचा सदरा घामाने भिजला होता. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तुम्ही माझ्या पिशवीचा बंद धरलात. इतकी वर्षं एका घरात राहून वहिनी म्हणून तुम्ही माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता, तेव्हाही लावला नाही, पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरलात आणि म्हणालात, "वहिनी, मला भीती वाटतेय हो."

मी म्हणाले, "काही होत नाही."

तुमचंच वाक्य ते. आयुष्यभर तुम्ही माझ्या तोंडावर टाकलेलं. मला तेवढंच सुचलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. नंतर हॉस्पिटलात त्यांनी तुम्हाला आत नेलं, दार लागलं, आणि पुढे मला बोलायला तुम्ही उरला नाहीत. तुम्हाला भीती वाटू शकते हेच मला माहीत नव्हतं. घरात ते खातं माझ्याकडे होतं. तुम्ही भीत नव्हतात म्हणून मी मनसोक्त भिऊ शकत होते, हे मला आता कळतंय, आणि त्याने जास्तच भीती वाटतेय.

तर आज दुपारी. तिसऱ्यांदा पत्रा आपटला तेव्हा त्याबरोबर काहीतरी लहानसं लोखंडी टणटणत पडल्याचा आवाज आला. मी उठले. कशी उठले ते विचारू नका. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तुमचं नाव घेतलं, मग देवाचं घेतलं, मग पुन्हा तुमचं. वर वारा असा की पदर तोंडावर. पत्र्याची पलीकडची कड वीतभर वर उचलली जात होती आणि खाली आपटत होती. कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या.

तुम्ही गेल्यापासून दाणे मी दारातूनच टाकत होते, आज वाकून आत शिरले. बघते तर पलीकडचे दोन्ही बोल्ट भोकांत घातलेले. वायसर चढवलेले. एकाचा नट हादरून खालच्या डब्यावर पडला होता, तो पेंढ्यात सापडला. दुसऱ्याचा शेवटच्या आट्यावर लोंबकळत होता. म्हणजे तुम्ही ते विसरला नव्हतात! मी पडलेला नट चढवला आणि फिरवायला लागले. तो फिरला, फिरला, आणि त्याच्याबरोबर बोल्टही फिरायला लागला. वरून डोकं धरायला कुणी नव्हतं. अलीकडचे बोल्ट तुम्ही एक हात वरून आणि एक हात जाळीतून घालून एकट्याने आवळले असतील. पलीकडे एका माणसाचे हात पुरतच नाहीत. एक वर लागतो, एक आत.

आणि मग मला पाना दिसला. आतल्या दांडीला सुतळीने टांगलेला. तुमच्या उंचीवर नाही, माझ्या.

म्हणजे त्या संध्याकाळी काम तुमच्याकडून राहिलं नव्हतं. वाडीत कुणालाही हाक मारली असतीत तर पाच मिनिटांत झालं असतं. तुम्ही माझ्यासाठी पाना टांगून खाली आलात, हात धुतलेत, जेवलात आणि मी बोलायची वाट बघत झोपलात. अहो, एकदा म्हणायचं तरी होतंत! कोंबड्यांना सांगितलं असतंत तरी मी आले असते. मी तो पाना हातात धरून त्या पेंढ्यात बसून तुमच्या नावाने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पत्रा पुन्हा आपटला तेव्हा भानावर आले.

मग मी जे केलं ते तुम्हाला खरं वाटणार नाही. बाहेर आले आणि पिंजऱ्याच्या बाजूने कठड्याशी गेले. जन्मात गेले नव्हते त्या कठड्याशी. दोन्ही हातांनी तो धरला, डोळे उघडे ठेवले आणि खाली वाकून हाक मारली, "सुलभाताई! आधी तिथून उठा! खुर्ची आत घ्या!"

त्यांनी मान वर केली. "कोण, कुमुद? तू काय करतेस तिथे? काय पडतंय काय?"

"आधी उठा, मग सांगते. आणि वर या. लगेच या."

त्या गाऊनवर ओढणी टाकून धापा टाकत वर आल्या. पत्र्याकडे बघितलं, मग कठड्याकडे, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे इतके दिवस माझ्या डोक्यावर होतं?"

"हो."

"आणि तू मला आज सांगतेस?"

त्यांनी ओढणी कमरेला खोचली. "बरं, ते मी नंतर बघते तुझ्याकडे. काय धरायचं ते सांग."

तुमच्या हत्यारांतला दुसरा पाना त्यांच्या हातात दिला, स्टूल अलीकडच्या बाजूला लावलं. पत्र्यावरून हात लांब करून बोल्टचं डोकं कसं पकडायचं ते दाखवलं आणि मी आत शिरले. वरून पत्र्यावर त्यांच्या बांगड्या खडखडल्या. पाना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. मी नट फिरवायला घेतला तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला, पत्रा त्यांच्या हाताखाली थरथरला आणि त्या ओरडल्या.

"कुमुद, इथून खालचं सगळं दिसतंय गं! मला भीती वाटतेय!"

काही होत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मलाही वाटतेय," मी म्हटलं. "खूप वाटतेय. पण मी इथे खालीच आहे. तुम्ही धरून ठेवा."

पाना हलला नाही. मी नट फिरवला, आणि या वेळी बोल्ट फिरला नाही. पत्रा खाली येत येत पट्टीवर बसला. मग आम्ही दुसरा केला.

टॅक्सीत मला हेच म्हणायचं होतं, भाऊजी.